छावणीतली बहीण

सेकुंदाताई,

तू बरी असशील तर मलाही बरं म्हणायला हरकत नाही. तू पाठवलेले लोकरी मोजे पोचले. आमची पलटण ऱ्हाईनवरून डॅन्यूबकाठी निघाली आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

शिपायाला लग्नाची मनाई, हे तू जाणतेस. तरी मी इथल्या लौबाशी संसार मांडला. निघताना तिला आणि पोराला इथेच सोड, असं आमच्या नायकाने, फुस्कुसने, बजावलं. मी म्हटलं, "साहेब, ती माझी बहीण आहे. बहिणीला मनाई नाही."

"मग पोराचं नाक तुझ्यासारखं कसं रे?"

"भाचे मामावरच जातात, साहेब."

सगळी रांग हसली. त्याने माझ्या पाठीवर छडी मोडली आणि ती बहीणच आहे अशी पलटणीच्या गरुडध्वजाची शपथ घ्यायला लावली. मी घेतली. पाठ आता बरी आहे, फक्त उताणं झोपता येत नाही.

खोट्या शपथेची धास्ती घेऊ नकोस. याच ध्वजाखाली आम्ही नदीपलीकडच्या लोकांना अभय दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं गाव जाळलं. गरुड तेव्हाही गप्पच होता.

लौबा गाडीत बसली आहे. तुझ्या नव्या बहिणीचा नमस्कार घे, आणि आईला सांग की ती आजी झाली.

तुझा धाकटा,
व्हेलियस