तुम्हाला सोडून सगळ्यांचं मंगल

मालक, तब्येत कशी आहे? काकूंचे गुडघे आता तरी वाकतात का? तुमच्या आईचा दमा? आणि तुमचा उजवा हात, त्याची थरथर थांबली का? तुम्ही तिघंही कधीच वर गेलात हे ठाऊक असून विचारते. विचारल्याशिवाय पत्राला सुरुवात करायची मला सवय नाही.

मी आता अष्टमी गावी लेकाकडे असते. रक्तदाब वाढला तेव्हा विहारातल्या ताईंनी ध्यानाला बसवलं. आधी नुसता श्वास बघायचा, मग दुखऱ्या जागेवर मन ठेवायचं, मग एकेकाचं मंगल चिंतायचं. आपलं, घरच्यांचं, शेजाऱ्यांचं, आणि शेवटी ज्यानं आपल्याला दुखवलं त्याचं. गुण येतो, खोटं कशाला बोलू? भाकरी करपली, नळ कोरडा पडला की चार श्वास बघते आणि राग उतरतो. पण शेवटच्या पायरीवर तुम्ही येऊन बसता आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. काल नवरा म्हणाला, "ध्यान करतेस का भांडतेस गो? दात कशाला खातेस?" ताई म्हणतात, "मावशी, माफ केलं नाय तर त्रास तुमालाच हाय." मी म्हटलं, "व्हय, पन माफी मागितलीय कुनी?"

पेणच्या कारखान्यात तुमचा हात थरथरायला लागला, त्या वर्षी तुम्ही मला गोणपाटाच्या पडद्यामागं बसवलंत. श्वास रोखून डोळा लिहायचा, हे तुम्हीच शिकवलंत, ते उपकार मानते. दोन महिने गणपतींच्या डोळ्यांची आखणी मी केली आणि गिऱ्हाईकं तुमच्या हाताचं कौतुक करत राहिली. मग एक बाई पडदा सारून आत डोकावते. "अगोबाई, डोळे ही लिहिते?" तुम्ही हसता. "छे हो, ही कुंचले धुते. डोळे काय कुठल्याही वस्तीतल्या हातानं लिहायचे असतात?" आणि मी, मालक, हातातला भरलेला कुंचला तिच्यादेखत बादलीत बुडवून धुतला. तुमच्या बोलण्यापेक्षा ते धुणं मला जास्त जाळतं.

त्या चतुर्थीला तुमच्या घरची मूर्ती आखणीला माझ्याचकडे आली. दुसरं होतं कोण? मी श्वास रोखला आणि दोन्ही बुबुळं दाणाभर डावीकडे सरकवून लिहिली. दीड दिवस तुम्ही समोर बसून आरत्या म्हटल्यात, आणि ती नजर तुमच्या खांद्यावरून भिंतीकडे.

हे ताईंना सांगितलेलं नाही. त्या म्हणतील, पश्चात्ताप करा, आणि तो मला होत नाही. खरं सांगू? ध्यानात मला सगळ्यात गाढ शांत वाटतं ते ती बुबुळं आठवली की. मग रक्तदाबसुद्धा खाली येतो.

हे पत्र पेटीत पडायचं नाही, पत्ता कुठं आहे तुमचा? तरी एवढं एक लवकर लिहून कळवा. देव तुमच्याकडे बघत नव्हता, हे तुम्हाला दिसलं होतं ना?