मेनाच्या गाडीचा विमा

३ सप्टेंबर

दोन हजार नऊशे युरो. वर्षाचे. जी जुनी पांडा गाडी मी अठराशेला घेतली, तिच्या विम्याचे!

कापासो, चौकातला विमावाला. टाय लावतो, पण नखं काळी. त्याने आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी माझ्याकडे फिरवली. तोंडाने बोलायची लाज वाटली असावी. "उस्ताद, पोरगी एकोणीसची, परवाना कालचा, आणि जिल्हा आपला नेपल्सचा. सुरुवात चौदाव्या वर्गातून. मी तरी काय करू?"

चौदावा वर्ग म्हणजे तळाजवळ. ज्याने अजून गाडी चालवलीच नाही त्याला आगाऊ दिलेली शिक्षा. माझा वर्ग पहिला. एवढ्या वर्षांत कुणाच्या आरशालाही माझी गाडी घासलेली नाही. शाळा मी आठवीत सोडली. बुटांच्या कारखान्यातली शिलाई मशीनं दुरुस्त करायला शब्दकोश मांडीवर घेऊन जर्मन पुस्तकांतून शिकलो. भिंतीवर लावायला एकही प्रमाणपत्र नाही. पण हा पहिला वर्ग आहे. तो कुणी दिलेला नाही, कमावलेला आहे.

मेनाला ऑक्टोबरपासून काझेर्ताला नर्सिंगला जायचंय. हॉस्पिटलातली पाळी पहाटे सुरू होते, तेव्हा बस नसते. गाडी नाही तर जागा सोडा. लोरेदानाने, म्हणजे तिच्या आईने, फोनवर सांगितलं, "तू बाप आहेस ना, बघ काहीतरी." घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. पोरगी तिच्याकडे, आव्हेर्साला. 'बघ काहीतरी' मात्र अजून माझ्याकडेच.

५ सप्टेंबर

वाट निघाली. ती कापासोने दाखवली नाही, मी नियम वाचून गेलो आणि त्याच्याकडून कबूल करून घेतली. एका घराच्या दाखल्यावर नाव असलेल्या माणसाला त्याच घरातल्या दुसऱ्याचा वर्ग घेता येतो. लोरेदानाला गाडी येत नाही, तिच्याकडे वर्गच नाही. म्हणजे मेनाचं नाव तिथून काढून माझ्या घरच्या दाखल्यावर आणायचं. मग ती पहिल्या वर्गात. गाडीचा वेग आणि ठिकाण नोंदवणारी काळी पेटी बसवून घेतली की आणखी सूट. आकडा निम्म्याच्याही खाली येतो.

"आणि पुढे ती परत आईकडे गेली तर?" मी विचारलं.

कापासो हसला. "तरी वर्ग तिचाच. वर्ग म्हणजे बापाचं नाक, उस्ताद. एकदा आलं की परत मागता येत नाही."

संध्याकाळी मेनाला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे मी तुमच्याकडे राहायचं?"

"कागदावर," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो.

१७ सप्टेंबर

नगरपालिकेत अर्ज दिला. आता पालिकेचा पोलीस न सांगता घरी येणार, पोरगी खरंच इथे राहते का बघायला. कधी येईल ते सांगत नाहीत. म्हणून मेना कालपासून इथेच आहे. किल्ली दिली. कपाटातले दोन कप्पे रिकामे केले. नवा ब्रश आणला होता. तो फार नवा दिसतो म्हणून बेसिनवर जरा घासून ठेवला. मेना हसून लोळायची बाकी राहिली.

"पप्पा, पोलीस ब्रशाचे केस मोजणार आहे का?"

"कुणी मोजले तर?"

१९ सप्टेंबर

तिने बटाटे-पास्ता केला. माझ्यापेक्षा मीठ कमी घालते. बरा होता. खरं तर चांगलाच होता.

पोलीस आला नाही. येऊ दे सावकाश.

२४ सप्टेंबर

आला. मेना नेमकी पुस्तकं आणायला गेलेली. पोट सुटलेला, घामाघूम माणूस. खोलीच्या दारातच थांबला. पलंग, चपला, घडी केलेले स्वेटर बघितले.

"ही मुलीची खोली?"

"हो."

"उस्ताद, मला दोन मुली आहेत. मुलीची खोली अशी नसते. ही दुकानाची काच आहे."

मग त्याने फ्रिज उघडला. मेनाने उष्टा अर्धा पीच आणि नेलपॉलिशची बाटली एकाच बशीत ठेवली होती. तो म्हणाला, "हां, आता पटलं," आणि सही केली.

माझी सगळी तयारी फुकट. पास झालो ते त्या बशीवर!

२ ऑक्टोबर

विमा झाला. मेना, पहिला वर्ग. कागदावर तिचं नाव आणि पुढे माझा आकडा. कागद तिच्या हातात दिला. तिने फोटो काढला आणि कुणालातरी पाठवला. माझा नाही, कागदाचा.

पेटी बसली. तिची सगळी माहिती माझ्या फोनवर दिसते, कारण पैसे मी भरले आणि नंबर माझा दिला. वेग, ब्रेक, गाडी कुठे उभी आहे ते नकाशावर.

संध्याकाळी बॅग भरून आव्हेर्साला गेली. "रविवारी येते ना जेवायला," म्हणाली. किल्ली तिच्याकडेच राहू दिली.

६ ऑक्टोबर, रविवार

आली. कोपऱ्यावरून पेस्ट्रीचा पुडा घेऊन, रविवारी लोक आणतात तसा, दोरीने बांधलेला. सकाळपासून रागू, टोमॅटोतला मटणाचा रस्सा, उकळत ठेवला होता. दोनदा घेतला तिने.

१८ ऑक्टोबर

काल महामार्गावर जिथे सत्तरची मर्यादा आहे तिथे शंभराच्या वर. त्याआधी तीनदा जोरात ब्रेक. आणि तीन संध्याकाळी गाडी जुल्यानोला, एकाच गल्लीत. तिथे कॉलेज नाही, हॉस्पिटल नाही.

तिला फोन केला. आधी वेगाबद्दल बोललो, जे बोलायलाच हवं होतं. मग विचारलं, जुल्यानोला कोण राहतं?

फोन ठेवला तिने.

१९ ऑक्टोबर

आज स्वतः आली. बसली नाही.

"गाडी दिलीत की गळ्यात पट्टा बांधलात?"

मी म्हणालो, वेगामुळे हप्ता वाढतो. वर्ग खाली जातो. तो वर्ग मी किती वर्षांनी—

"वर्ग, वर्ग! मी कशी आहे ते एकदा तरी विचारलंत? मागच्या आठवड्यात वॉर्डात माझ्यासमोर एक बाई गेली. ते दिसलं का नकाशावर?"

मला ते माहीत नव्हतं. तिथे गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "वर्ग पाहिजे तेव्हा बाप. बाकीच्या वेळी मी कोण?"

तिने घराची किल्ली टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली. "फोनमधून ते पुसून टाका. आणि मला फोन करू नका. मनात येईल तेव्हा मी येईन, माझी मी, पाहुण्यासारखी खालून बेल वाजवून. घेतलंत तर घेतलंत."

जिन्यात तिच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

२१ ऑक्टोबर

पुसलं. तिला एका शब्दाचा निरोप पाठवला: "पुसलं." मी शब्दाचा पक्का आहे. आता गाडी कुठे आहे मला कळत नाही, कळून घेणारही नाही. फोनही करणार नाही. करू नका म्हणाली ना!

२३ ऑक्टोबर

एक काम कित्येक महिने डोक्यात होतं, ते केलं. घराच्या मागच्या खोलीत मी दुरुस्तीची कामं करतो, तिथे मशीन चालू असलं की बेल ऐकू येत नाही. गिऱ्हाईक खाली ताटकळतं आणि निघून जातं. परवा एक बूटवाला असाच परत गेला, शिवाय खाली सबातीनोच्या बारमध्ये बसून माझ्या नावाने बोटं मोडली. म्हणून बेलचा भोंगा काढला. त्याची वायर मागच्या खोलीत ओढली आणि कामाच्या बाकावर, नेमका डोळ्यांसमोर येईल असा, लाल दिवा लावला. खाली कुणी बटण दाबलं की दिवा लागतो. भोंगा तसाही कर्कश होता, आणि जाहिरातीची पत्रकं वाटणारी पोरं दिवसभर तो वाजवायची.

वायर कुठे दिसत नाही. जोड आतून. बाजारात याचे ऐंशी युरो घेतात, मला चार लागले. दुपारी बुटाची कॉलर शिवायचं मशीन पूर्ण वेगात असताना दिवा लागला, गिऱ्हाईक वर आलं. म्हणालं, "उस्ताद, पहिल्यांदाच एका हाकेत उघडलंत."

२७ ऑक्टोबर, रविवार

रविवारी मशीनला हात लावत नाही. रागू केला. दोन ताटं मांडली. रस्त्याकडची स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली, रेडिओवर मॅच लावली. आली नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

आली नाही.

रागू डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला. बुधवारपर्यंत खाईन.

१० नोव्हेंबर, रविवार

मटण कमी आणलं. तरी दोन ताटं मांडली, सवयीने. तिसऱ्या प्रहरापर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. लोक म्हणतात मुलींना बापाची माया असते. असेल. माझ्या मुलीला माझा एकतीस वर्षांचा स्वच्छ रस्ता हवा होता. तो तिला मिळाला. कापासो बरोबर बोलला होता, परत मागता येत नाही. मागणार कोण? मी? मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही.

१२ नोव्हेंबर

लोरेदानाचा फोन. "तू इतका हट्टी असशील असं वाटलं नव्हतं. पोरगी रडते."

मी म्हणालो, "मी हट्टी? तिने फोन करू नका सांगितलंय, मी करत नाही. येते म्हणाली, येत नाही. यात माझा हट्ट कुठला?"

"दगड आहेस तू," म्हणाली आणि ठेवला. नेहमीसारखी अर्धंच बोलली. सहा वर्षांपूर्वी असंच अर्धं बोलून गेली होती.

१७ नोव्हेंबर, रविवार

रागू केला नाही. ब्रेड, चीज. ताट मात्र एक जास्तीचं मांडलं गेलं, मग उचलून ठेवलं. रेडिओ मोठा केला.

२४ नोव्हेंबर, रविवार

नाही.

२६ नोव्हेंबर

आज पालिकेत गेलो होतो, कचऱ्याच्या पट्टीचं विचारायला. खिडकीतल्या बाईने पडद्यावर बघून सांगितलं, "आता तुमच्या घरात तुम्ही एकटेच. मुलीने काल पत्ता परत आव्हेर्साला नेला. पट्टी कमी येईल तुम्हाला."

वर हसली. चांगली बातमी दिली ना तिने!

म्हणजे झालं. काम संपलं. मी तिचा दोन महिन्यांचा बाप. पोलिसाने खरंच बरोबर ओळखलं होतं, दुकानाची काच. घरी आल्यावर तो घासलेला ब्रश कचऱ्यात टाकला. चपला टाकल्या नाहीत. लेदर चांगलं आहे.

२८ नोव्हेंबर

सकाळी सबातीनोकडे कॉफी घ्यायला उतरलो. बार आमच्या इमारतीच्या दाराला लागूनच. तो कप पुसत म्हणाला, "उस्ताद, तुमच्या रागापायी माझं वजन वाढलं."

मी म्हटलं, माझा राग तुझ्या पोटात कुठून गेला?

"पेस्ट्री! दर रविवारी तुमची पोरगी पुडा घेऊन येते, बेल वाजवते, थांबते, परत वाजवते. वर खिडकी उघडी, तुमचा रेडिओ रस्त्यावर ऐकू येतोय. मग पुडा माझ्या काउंटरवर ठेवते, 'तुम्हीच खा' म्हणते. गाडीत जरा वेळ बसते आणि जाते. चार रविवार. मी घरच्या भानगडीत पडत नाही, पण खरं सांगू? पोरीचं तोंड बघवत नव्हतं."

"खोटं. बेल वाजलीच नाही."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"मी स्वयंपाकघरात बसून होतो. तिच्यासाठीच बसून होतो. माझे कान शाबूत आहेत."

सबातीनोने खांदे उडवले. "या रविवारी नाही आली. मला वाटलं, बरं झालं, सुटली बिचारी."

कॉफी तशीच ठेवून वर आलो.

२९ नोव्हेंबर

सबातीनोला खालून बटण दाबायला लावलं. जोरात, दोनदा. मी स्वयंपाकघरात, रविवारी बसतो त्याच खुर्चीवर. काही नाही.

मागच्या खोलीत गेलो. बाकावर लाल दिवा लागला होता. लख्ख.