चमचाभर करंजाचं तेल

सर, तुम्हाला जाऊन लई वर्सं झाली. तोंडावर बोलायची राह्यलेली एक गोष्ट हाय. बाकीचं तर तुम्ही जिवंत असतानाच बोलून झालं.

एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडात करंजाच्या तेलात मिथेनॉल अन् कॉस्टिक घालून डिझेलात मिसळायचं तेल बनायचं. बनवायचे तुम्ही, केमिस्ट. आम्ही बाया भांडी धुवायच्या, झाडायच्या. माझी शाळा चौथीपतूर, पण मला त्या मोठ्या भांड्यापाशी उभं राहायचं व्हतं. झाडू मारायला मी जन्मले नव्हते.

मंग एक दिवस झाकण उघडलं तर आत तेल न्हाई, गिळगिळीत साबण. अख्खा घाणा वाया. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडले, "भांडं वलं ठेवलं या बाईनं, पाण्यानं साबण झाला! हिला भांड्याजवळ फिरकू देऊ नका."

"भांडं बिलकुल कोरडं व्हतं. तुमचं तेलच पाणचट."

"केमिस्ट तू का मी?"

"तुम्हीच. पण घरी रोज तेल कोण तापवतं? तापल्या तव्यावर टाकून बघा. तडतडलं तर पाणी."

शेडाबाहेर लांब स्टो पेटवला, तवा ठेवला. चमचा मी दिला. तेल असं तडतडलं, की बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. चार दिवसांनी तुमची हाक आली, "मावशी, तेल बघा जरा." तवाबी पुढं माझ्याकडंच आला, अन् भांड्यापाशी जागाबी. खरंच पाणी असलेली तेलाची कितीतरी पिंपं मी दारातून माघारी धाडली. नात आता कॉलेजात केमिस्ट्री शिकून राह्यली. परवा मला सांगते, आजी, तेल आधी कोरडं करावं लागतं. म्हणलं, जा, तुझ्या मास्तरला शिकव.

आता ऐका. घरची भांडी धुऊन उपडी घालायची आमची सवय. ते भांडं तर जमिनीला बोल्टनं आवळलेलं, उपडं होणार कसं? तळाला पाणी राह्यलंच. मीच धुतल्तं. अन् तो चमचाबी मीच धुऊन दिल्ता, जाणून, न पुसता. माफी मागत न्हाई. मागितली असती तर जलमभर झाडूच हातात राह्यला असता.

पण सर, तेल तडतडल्यावर तुम्ही तो चमचा रुमालानं पुसला, माझ्याकडं बघितलं, अन् दुसऱ्यांदा तेल टाकलंच न्हाई. का, ते विचारायची हिंमत मला कधीच झाली न्हाई.