सरांच्या ग्रुपवरचे लाल गोल

बाबा, मायना लिहीत बसत नाही. तो तुम्हाला कसा हवा असायचा ते मला पाठ आहे, पण त्यातच अर्धं पान गेलं तर मुख्य गोष्ट राहून जाईल. तुम्ही गेलात तेव्हा घरात मोबाइल होता तो फक्त बोलण्यापुरता, आणि तोही तुम्ही हातभर लांब धरून त्याच्यावर ओरडायचात. म्हणून आधी ग्रुप म्हणजे काय ते सांगते. समजा, देवळीच्या शाळेतली तुमची सगळी मुलं एका मोठ्या खोलीत बसली आहेत आणि प्रत्येकाच्या हातात पाटी आहे. कुणी वर्ध्यात असतो, कुणी पुण्यात, कुणी अजून देवळीतच. जो तो आपल्या पाटीवर लिहितो आणि ते सगळ्यांना दिसतं. त्या खोलीचं नाव आहे 'सरांचे विद्यार्थी'. सर म्हणजे तुम्ही. आणि सरांची मुलगी म्हणून मला ॲडमिन केलं आहे, म्हणजे वर्गाची मॉनिटर. तुम्ही मला एकदाही मॉनिटर केलं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणून.

या खोलीत काय काय चालतं ते बघितलं असतंत तर तुम्ही पहिल्याच दिवशी उठून गेला असतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मध्येच कुणी गेल्याची बातमी येते, आणि मागून येणारे लोक न वाचता मयतालाच हॅपी बर्थडे म्हणून मोकळे होतात. विरामचिन्हं तर मराठीतून हद्दपारच झाली म्हणा. मीही तुमचीच मुलगी. पिपरी मेघेच्या घरात खुर्चीवर बसून वाचते तेव्हा माझेही हात शिवशिवतात. पण मी लिहीत नाही काही. तुम्ही मात्र गप्प बसला नसतात, हे मला ठाऊक आहे. बाजारातल्या पिठाच्या गिरणीची पाटी तुम्ही दोनदा रंगवून घेतलीत. लग्नाच्या पत्रिका तर लोक छापायच्या आधी तुमच्याकडे आणायचे, कारण छापल्यावर आणल्या तर तुम्ही लग्नातच नवऱ्या मुलाच्या बापाला गाठायचात. माझ्या सासरहून पसंतीचं पत्र आलं, ते तुम्ही ओसरीवर बसून खुणा करत वाचलंत आणि आईला म्हणालात, "मुलगा चांगला आहे. ऱ्हस्व-दीर्घ पुढे सुधारेल." यांना ते मी लग्नानंतर सांगितलं. अजून काही चुकलं की हे म्हणतात, थांब, मी पुढे सुधारणार आहे.

यावर मी हसते. दुसऱ्या एका गोष्टीवर मात्र मला अजून हसता येत नाही. नागपूरच्या होस्टेलमधून पहिल्या महिन्यात मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. करमत नाही, मेसची पोळी चामड्यासारखी असते, रात्री उशीत तोंड खुपसून रडते, असं सगळं मन मोकळं करून लिहिलं होतं. तुम्ही तेच पत्र पाकिटात घालून परत पाठवलंत, लाल शाईने तपासून. शेवटी लिहिलं होतं, 'मजकूर चांगला. जेवत जा.' आणि चारच दिवसांनी तुम्ही एसटीने स्वतः आलात, होस्टेलच्या दाराशी उन्हात उभे, हातात शंकरपाळ्यांचा डबा. पत्राबद्दल एक शब्द नाही. मीही काढला नाही. दिवाळीला घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून तुम्हाला बोलत होती, "तिच्या पत्राले लाल काऊन केलं तुमी? पोरगी तिकडे रडून राह्यली, अन् तुमी काना-मात्रा पाहून राह्यले!" तुम्ही पाटावर बसून भाकरी मोडत होतात. चिडलात की तुमची शाळेतली भाषा गळून पडायची. तुम्ही म्हणालात, "मंग काय करू? रडणं मले दुरुस्त करता येते का? जे येते ते केलं." मी दाराआड उभी होते. तुमचं ते बोलणं तेव्हाही मला कळलं होतं, आणि तुमच्यावर मायाही आली होती. तरी त्यानंतर मी तुम्हाला पुन्हा पत्र लिहिलं नाही. फोनच केले.

तर ग्रुपवर तुमचे एक लाडके विद्यार्थी आहेत. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, नालवाडीला घर बांधलं. मी त्यांना दादा म्हणते. ग्रुपचे नियम त्यांनीच लिहिले, आणि त्यातला पहिला नियम, 'सरांच्या ग्रुपवर शुद्ध मराठीतच लिहावे.' नुसता नियम करून ते थांबले नाहीत. कुणी काही लिहिलं की ते त्याचा मोबाइलवर फोटो काढतात, बोटाने त्यावर लाल गोल करतात आणि तो फोटो सगळ्यांसमोर परत ग्रुपवर टाकतात. खाली ठरलेलं वाक्य, 'सर असते तर त्यांनी हेच केलं असतं.' लोक आधी हसले, मग आंबट तोंड करू लागले, मग लिहायचेच कमी झाले. फुलांची चित्रं वाढली, कारण फुलाला गोल करता येत नाही.

अशात मागच्या पोळ्याच्या सुमाराला एक बाई ग्रुपवर आल्या. देवळीजवळच्या खेड्यात त्यांची शेती आहे. सातवीत शिकत असताना त्यांची शाळा सुटली होती. मुलाने नवा मोबाइल घेऊन दिला आणि कुणीतरी त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. त्यांनी लिहिलं, "मी शाळा सोडली तवा सर माह्या घरी आलते. माह्या बापाले म्हणे पोरीले पाठवजा. बाप नाई म्हणे, घरी कापूस येचाले कोन हाये. सरनं चहा बी नाई घेतला तसेच गेले. मी बैलाच्या कोठ्यातून पाहून राह्यली होती. मंग सर दुसऱ्या दिवशी परत आले. बाकी उद्या लिहीन." बाबा, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं नव्हतं आणि आईलाही ठाऊक नसावं. मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. तुम्ही दुसऱ्या दिवशी परत जाऊन काय केलंत, हे मला कळायला हवं होतं. तुम्ही गेल्यावर तुमच्याविषयी नवं असं काही हाती येईल याची आशा मी सोडलीच होती.

संध्याकाळपर्यंत दादांचा फोटो आला. गोलांनी सगळं लाल झालेलं. 'निदान सरांविषयी लिहिताना तरी...' असं काहीतरी खाली होतं. त्यावर बाईंनी एवढंच लिहिलं, "माफ करजा मले येवढंच येते," आणि ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. त्या चिडलेल्या नव्हत्या. उलट मलाच समजावू लागल्या, "राग नाई ताई. ते मोठे मानूस, त्याईचं बरोबरच असन." मी म्हटलं, पुढचं मला फोनवर सांगा. "तोंडानं नाई सांगता येत, रडू येते. लिहून बरं होते." मग फक्त मलाच लिहून पाठवा म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमाले सांगून काय ताई? मले सरच्या सगळ्या पोराईले सांगाचं होतं. त्याईच्या देखत मी दप्तर उचलून घरी गेलती ना."

मी दादांना घरी बोलावलं. ते आले, सोबत पेढे घेऊन, आणि तुमच्या फोटोला नमस्कार करून मगच बसले. त्यांच्यावर ओरडायचं ठरवलं होतं, पण त्या नमस्काराने जीभ अडली. मी म्हटलं, दादा, त्या बाईंना कशाला दुखवलंत? ते खरोखर गोंधळले. "ताई, मी कुठं दुखवलं? मले घरी कोणी पुस्तक दाखवणारं नव्हतं. सरनं वही लाल केली म्हणून मी बँकेत गेलो. लाल केलं म्हणजे सरनं आपल्याकडे पाह्यलं, असंच वाटे मले." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. होस्टेलमधल्या पत्रावरही तुमची तीच शाई होती. दादांना त्यात माया दिसली. मला ती दिसायला शंकरपाळ्यांचा डबा लागला. मी त्यांना चहा दिला. ते जाताना म्हणाले, "सर असे नसते वागले असं तुम्ही सांगा, मी आज सोडतो."

ते गेल्यावर मी ग्रुपवर लिहिलं. लिहिलं की बाबा घरी नेहमी एक वाक्य म्हणायचे: 'लाल शाई शाळेच्या फाटकापर्यंत. फाटकाबाहेर माणूस काय सांगतो ते ऐकायचं.' आणि खाली लिहिलं, हा ग्रुप फाटकाबाहेर आहे.

बाबा, थोड्याच वेळात धो धो निरोप सुरू झाले. एकाने लिहिलं, हो, सर आम्हाला सहलीत हेच म्हणाले होते. दुसऱ्याला ते वाक्य निरोपसमारंभातलं आठवलं. एकीने ते तुमच्या फोटोखाली गुलाबाची फुलं लावून छापलं, आणि आता ते दर गुरुवारी सुविचार म्हणून फिरतं. सगळ्यात शेवटी दादांनी लिहिलं, 'मला पूर्ण आठवते. सर माझ्यासमोरच बोलले होते. चुकलो.' त्यांनी तो पहिला नियम काढून टाकला आणि बाईंना स्वतः फोन केला.

बाई परत आल्या. पुढचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात ते शाळेचं नावच न काढता. त्यांच्या वडिलांजवळ खाटेवर बसलात, कापसाच्या गोष्टी केल्यात, जवस-मिरचीची चटणी आणि भाकर मागून घेऊन खाल्लीत. तिसऱ्या दिवशीही तसंच. त्यांनी लिहिलं आहे, "सर आमच्यासारखेच बोलत. मले वाटलं सरले बी शाळेतलं बोलणं शिकाच लागलं असन." कितव्या तरी खेपेला वडीलच म्हणाले, घेऊन जा गुरुजी, परीक्षेपुरती. त्या सातवी पास झाल्या. पुढे लग्नच झालं, पण पास झाल्या. त्याखाली दादांनी हात जोडले, दुसरं काही केलं नाही. मी खूप रडले आणि मग जेवले.

रविवारी मी बाईंना फोन केला, थँक्यू म्हणायला. बोलता बोलता त्या हसल्या. "ताई, ते फाटकाचं सर खरंच म्हणत का? मले त रस्त्यात भेटले तरी म्हणत, तुहं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." मी घाईने यंदाच्या कापसाचं विचारलं. मग त्याच म्हणाल्या, "पण तुमी म्हणता त म्हणले असतीन. घरचं मानूस तुमी."

म्हणून हे ग्रुपवर टाकता येणार नाही, बाबा. तुम्ही ते वाक्य कधीच म्हणाला नाहीत. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून मी रचलं. आणि आता तर सगळ्यांबरोबर मलाही ते आठवायला लागलं आहे, पाटावर बसून भाकरी मोडताना तुम्ही म्हणालात असं.