सुटून आलेल्या खेळाडूबद्दलचा निर्णय

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे मधलं थोडं आधी सांगते. तुम्ही आम्हाला कबड्डी शिकवायचात ते बदलापूर गावातलं आपलं मैदान अजून आहे. तिन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या, चौथ्या बाजूला गाड्या लागतात, आणि मोठे सामने आता मातीवर नाही, मॅटवर होतात. मी अंबरनाथच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. संध्याकाळी आपल्या मंडळाच्या मुलींना कबड्डी शिकवते, आणि तुम्ही जिच्यावर कायम चिडायचात त्या कमिटीतल्या पाच जणांपैकी एक आहे. यंदा कमिटीपुढे एक गोष्ट आली. तिचा निकाल लागला, सगळे आपापल्या कामाला लागले. मला मात्र ती कुणाला तरी नीट सांगावीशी वाटते, आणि तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचत नाही.

ज्याच्याबद्दल ती होती त्या मुलाला तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्यानंतर आला. बेलवलीचा, घरची थोडी भातशेती, वडील आणि काका दोघंही हौशी खेळाडू. चढाईला निघाला की समोरचे सात जण आपोआप एक पाऊल मागे सरायचे. एका कंपनीच्या संघात त्याची निवड जवळजवळ पक्की होती. त्या सुमारास विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर गाडी लावण्यावरून त्याचं एका रिक्षावाल्याशी भांडण झालं. रिक्षावाला चाळिशीचा, अंगाने किरकोळ. याने त्याला खाली पाडलं आणि पडल्यावरही मारत राहिला. लोक ओढत होते तरी थांबला नाही. तिसऱ्या दिवशी तो माणूस हॉस्पिटलमध्ये वारला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला, शिक्षा झाली, ती पूर्ण भोगून तो गेल्या वर्षी सुटला. दिवाळीनंतर मैदानावर आला आणि मला म्हणाला, "मॅडम, वजन तेवढंच ठेवलंय. आत रोज बैठका मारायचो. मला घ्या."

मी ते कमिटीपुढे ठेवलं. तिथे बोलायला सगळे तयार होते. एक जण म्हणाला, "कोर्टाने दिली तेवढी शिक्षा त्याने भोगली. आता आपण कोण वरची देणारे? उद्या याने पंक्चरचं दुकान टाकलं तर आपण हवा भरायला जाणार नाही का?" दुसऱ्याने बॅनरचा मजकूरसुद्धा काढून ठेवला होता, 'शेर परत आला'. तिसरा म्हणाला, ज्या हातापायांच्या ताकदीचं आपण कौतुक करतो त्याच ताकदीने माणूस मेलाय, हे मुलांना कसं समजावणार? मला दोन्ही बाजू पटत होत्या. एखादी गोष्ट दोन्हीकडून पटायला लागली की माणूस नुसता बसून राहतो, तशी मी बसून राहिले. शेवटी ठरलं की पुढच्या बैठकीत हात वर करून निकाल लावायचा.

तेव्हा मला उल्हासनगरचं ते घर आठवलं. मी अकरावीत आहे. आदल्या दिवशी उल्हासनगरच्या संघाशी सामना झालाय. त्यांची चढाई करणारी मुलगी पकडली गेलीय, पंचांची शिट्टी वाजून गेलीय, आणि तिचा घोटा अजून माझ्या हातात आहे. मी तो सोडत नाही, पिळते. आधीच्या चढाईत ती मला बाद करून हसली होती, एवढंच कारण. पंचांना दिसलं नाही. तुम्हाला दिसलं.  दुसऱ्या दिवशी कंपनीची पहिली पाळी संपवून, त्याच निळ्या कपड्यांत, केमिकलचा वास अंगावर घेऊन आमच्या दारात आलात आणि आईला म्हणालात, "हिला जरा घेऊन जातो." रिक्षात बसल्यावर कुठे जातोय ते मी विचारलं, तर म्हणालात, "बघशील."

त्या मुलीच्या घरी तिच्या आईने आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे ठेवला. तो पापड मी हातात धरून बसले. मुलगी पलंगावर, पायाला प्लास्टर. तुम्ही तुमच्या मोडक्या हिंदीत सांगितलंत, "इसने जानबूझके किया है." आई गडबडली. "बच्ची है सर, खेल में हो जाता है." तुम्ही म्हणालात, "हो नहीं गया. इसने किया." मग तुम्ही त्या मुलीकडे वळलात. "तू बोल. इसको खेलने दूँ?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. "मेरा प्लास्टर निकलने दो. फिर खेले. मुझे इसको आउट करना है." बस, एवढाच निकाल. दोन महिने मी रेषेबाहेर बसून गुण लिहिले. परत आले त्या दिवशी तुम्ही मला गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यांची नवी जोडी दिलीत आणि म्हणालात, "गुडघे सांभाळ. समोरच्याचे आधी." तुमच्याकडून मिळालेली ती एकच वस्तू. पुढे ती विरली, मी टाकूनही दिली.

मी त्यातून एक नियम काढला होता. ज्याला लागलं त्याला विचारायचं. म्हणून मी त्या रिक्षावाल्याच्या बायकोकडे गेले. विठ्ठलवाडीलाच एका पोळीभाजी केंद्रात ती पोळ्या लाटते. दुपारची गर्दी ओसरल्यावर मागच्या स्वयंपाकघरात तिने मला स्टूल दिलं आणि स्वतः लाटतच राहिली. मी कोण, कशाला आले, सगळं सरळ सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"ताई, तुम्ही विचारताय का सांगताय?"

"विचारतेय."

"मी नाही म्हटलं तर त्याला घेणार नाही?"

मला पटकन हो म्हणता आलं नाही. तिने तव्यावरची पोळी उलटली.

"बघा म्हणजे. मी हो म्हटलं तर तुम्ही मोकळ्या, आणि नाही म्हटलं तर मी वाईट. पोराचं आयुष्य खराब करते म्हणतील. हे माझ्यावर कशाला टाकता? मी काय त्याची पंच आहे?"

मी म्हटलं, "तसं नाही हो."

"त्याने कमवावं, खावं, लग्न करावं. मी आडवी जाणार नाही, माझ्यात तेवढी ताकदच नाही उरली. पण मागच्या आठवड्यात पोरीच्या मोबाईलवर त्याचा जुना व्हिडिओ आला. खाली लोकांनी लिहिलंय, वाघ आहे वाघ. पोरगी मला विचारते, आई, हाच ना तो? ते तेवढं आमच्या घरात नका आणू."

उठताना मी काहीतरी सांत्वनाचं बोलले असेन, आठवत नाही. तिने पीठ लागलेल्या हातानेच मला बाहेरचा रस्ता दाखवला. रागाने नाही, पुढचा रस्ता खोदला होता म्हणून.

परत येताना लक्षात आलं, की तुमचा प्रश्न विचारता आला कारण त्या मुलीचा पाय बरा होणार होता. तिला पुन्हा मैदानावर यायचं होतं, मला बाद करायचं होतं. इथे ज्याला लागलं तो उत्तर द्यायला उरला नाही, आणि जी उरली तिच्यापुढे हा प्रश्न नेऊन ठेवणं म्हणजे तिच्याकडून आपल्यासाठी सही घेण्यासारखं होतं. चूक माझी होती. तरी तिने एक गोष्ट मला वेगळी करून दिली. पंक्चरच्या दुकानात माणूस हवा भरतो आणि लोक निघून जातात. खेळात लोक त्याचं नाव घेऊन ओरडतात. काम करायचा हक्क त्याला आहेच. पण नाव गाजावं हा कुणाचा हक्क असतो का, असं मला वाटायला लागलं. अजूनही या विचाराची मला पूर्ण खात्री नाही. चांगलं खेळणाऱ्याचं नाव गाजणारच, आणि ते गाजू नये म्हणून खेळूच द्यायचं नाही, यातही एक क्रूरपणा आहे.

तो क्रूरपणा मी समोर पाहिला. बैठकीच्या आदल्या दिवशी तो शाळेच्या फाटकापाशी थांबला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही तिकडे गेला होतात ना? मला कळलं. मी पण गेलेलो सुटल्यावर. दार उघडलं नाही त्यांनी. बरोबर आहे त्यांचं." मग म्हणाला, "पण मला दुसरं काय येतं, सांगा ना. मैदानात आहे तोपर्यंत मी ठीक असतो. बाहेरच काहीतरी होतं मला." मी म्हटलं, "सरावाला ये. मुलांना शिकव हवं तर." तो म्हणाला, "शिकवलेलं चालतं, खेळलेलं नाही?"  तेवढ्यात घंटा झाली आणि मी आत गेले. तेव्हा ती घंटा मला बरी वाटली.

बैठकीत दोन हात घ्या म्हणून वर गेले, दोन नको म्हणून. राहिले मी. मी नको म्हटलं. मंडळाच्या संघातून तो खेळणार नाही, असं ठरलं. तो परत सरावाला आला नाही. दोन महिन्यांत पलीकडच्या तालुक्यातल्या एका मंडळाने त्याला घेतलं, चौकात मोठा फोटो लावला, आणि आता तो तिथे खेळतो. चांगला खेळतो, असं ऐकते. म्हणजे आमच्या निर्णयाने कोणाचंच काही थांबलं नाही. त्या बाईंना हे कळलं असेल का, ते विचारायला मी गेलेले नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून त्यात एक गोष्ट लिहिता येते. हात वर करताना मला कारण विचारलं गेलं. पोळीभाजी केंद्रातलं बोलणं मला तिथे आणायचं नव्हतं, आणि माझे स्वतःचे विचार तेवढे पक्के नव्हते. मी म्हटलं, "सर असते तर त्यांनी हेच केलं असतं." त्यावर लगेच वहीत निकाल लिहिला गेला. तुमचं नाव अजून तेवढं चालतं. तुम्ही काय केलं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, सर. आजही नाही.