आप्पांच्या आखूड विड्या

रहाटणी, रविवार

आईस संघर्षचा जय भीम.

फोन आप्पांच्या उशाशी असतो, म्हणून पत्र लिहितोय. ते झोपले की मिनलकडून वाचून घे.

मी बरा आहे. सिगारच्या दुकानात बसायला खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, जेवणाचीही आबाळ नाही. गिऱ्हाईक सगळं आयटीवालं. आधी त्यांना वीतभर लांब सिगार लागायचा, आता जो तो बोटाएवढा मागतो. डॉक्टरने कमी करायला सांगितलंय, म्हणतात. तो संपला की दारातूनच मागे फिरतात आणि दुसरा घेतात.

तेव्हा तू डोळ्यांसमोर येतेस. आप्पांचा खोकला वाढल्यापासून त्यांच्यापुरतं विडीचं पान निम्मं कापून आखूड वळतेस. आता निम्मीच ओढतात, असं परवा फोनवर किती खुशीत सांगत होतीस.

आप्पांचे रिपोर्ट इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवले. माणूस चांगला आहे, पाणी विचारलं, बराच वेळ बसवून घेतलं. औषध मात्र लिहून दिलं नाही. त्यांना आवडेल ते खाऊ घाला, म्हणाले.

तुझ्या बोटांची आग थांबली का? मिनल कॉलेजला जाते ना रोज?

मी शनिवारी येतोय. मालकाने काही न विचारता सुट्टी दिली.

आणि आई, आता पान कापू नकोस. आप्पांना पहिल्यासारखी पुरी विडी वळून देत जा.

तुझा,
संघर्ष