अकरा नंबरची हजेरी

मुदखेड,
रविवार

प्रिय संघमित्रा,

मंगळवारी तुझा फोन आला आणि तुझ्या आईनं जेवण सोडल्याचं तू सांगितलंस. "दादा, लातूरला माझ्याकडं या, मारोतीदादाच्या मॅचच्या गमती सांगा, ती दोन घास खाईल," म्हणालीस. मी येतो म्हणालो आणि आलो नाही. नंतरचे तुझे चार फोन मी उचलले नाहीत. तब्येत बरी आहे माझी. पण आई एकच विचारते, माझा मारोती त्या दिवशी लातूरला मागं का राहिला? त्या सकाळी रागाच्या भरात ती त्याला "जा, येऊच नको घरी" म्हणाली होती, आणि त्या शब्दापायीच तो राहिला असं ती धरून बसली आहे. तिच्यासमोर बसून बोलायला माझी जीभ एकोणचाळीस वर्षं रेटली नाही. म्हणून हा कागद. आधी गमती सांगतो, मग उरलेलं.

आमचा नवजीवन फुटबॉल संघ म्हणजे नांदेडच्या आपल्या वस्तीतली चौदा पोरं आणि बुटांचे सात जोड. बदली खेळाडूनं बाहेर येणाऱ्याचेच बूट घालायचे. मी तुझ्या दादाचा बदली. त्याचे बूट मला मोठे व्हायचे, पुढं कापूस कोंबून खेळायचो. सिकंदराबादला जायचं तर रेल्वे, बाकी सगळीकडं मोंढ्याच्या बाजारातला ट्रक, जाताना पोत्यांवर आणि येताना रिकाम्या हौद्यात. शिरूर अनंतपाळला तर मैदानाच्या मधोमध एक बैल येऊन बसला. पंचांनी शिट्ट्या फुंकफुंकून गाल दुखवून घेतले, बैल काही उठेना. मारोतीनं त्याच्या शेपटीजवळून चेंडू काढला आणि गोल केला. तिथले लोक म्हणाले, बैल आमचा हाय, गोल धरायचा न्हाई. तासभर भांडण चाललं. शेवटी त्यांनीच आम्हाला जेवू घातलं, आणि मारोतीनं तुमच्या आईच्या फडक्यातल्या भाकरी बैलाला चारल्या. हे आईला सांग, ती हसेल.

परतीला निघायच्या आधी कप्तान शेषेराव हजेरी घ्यायचे. ते पुढं ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागं. त्यांना आम्ही दिसायचो नाही, म्हणून नावं न घेता एकेकानं आपला नंबर ओरडायचा. शेवटचा नंबर झाला की पुढं बसलेल्या पोरानं केबिनवर दोन थापा मारायच्या, गाडी चालू. मारोती हजेरीला कधी असायचा? चहाच्या टपरीवर हरलेल्या पोरांची समजूत काढत बसलेला असायचा. शेषेराव भडकायचे, "मारोत्या, तुझ्यासाठी काय लाल दिव्याची गाडी बोलवू का रं?" एकदा त्यांनी शिक्षा म्हणून त्याला एक सामना बसवलं. तेव्हापासून त्याचा अकरा मी ओरडायला लागलो, त्याच्यासारखा आवाज जाड करून, आणि लगेच माझा बारा माझ्या आवाजात. मग तो धावत यायचा, मी ट्रकच्या मागच्या फाळक्यावरून हात द्यायचो आणि त्याला वर ओढून घ्यायचो. शेषेरावांना हे कधीच कळलं नाही.

शहाऐंशीच्या डिसेंबरात लातूरचा सामना झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नांदेडला रेल्वेच्या संघाची निवड होती. म्हणजे नोकरीच. डाव्या बगलेची एकच जागा, आणि मारोती असताना ती मला मिळणार नाही हे मैदानाबाहेरच्या शेंगावाल्यालासुद्धा माहीत होतं. म्हणूनच तर आई त्याला आदल्या दिवशी लातूरला जाऊ देत नव्हती.

थंडी फार होती. पोरं केबिनला पाठ लावून ताडपत्रीत घुसली होती, मी एकटा फाळक्याशी. मी अकरा ओरडलो, बारा ओरडलो, पुढं दोन थापा पडल्या. वळणावर मारोती दिसला. चपला हातात घेऊन धावत होता. ड्रायव्हरनं त्या दिवशी जरा घाई केली, पण त्यात नवीन काही नव्हतं, मी एक हाक दिली असती तर पोरांनी केबिन बडवून गाडी थांबवली असती. मारोतीनं हात पुढं केला. मी माझे हात मांडीखाली दाबून बसलो. नकळत झालं असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. मला सकाळचे आठ दिसत होते. तो हसत होता गं. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. दिसेनासा होईपर्यंत हसतच होता.

चाकूर मागं पडल्यावर कुणीतरी विचारलं, मारोती कुठं हाय? मी म्हणालो, "राहतो म्हणला. येत न्हाई." हेच वाक्य रात्री तुमच्या घरी पोचलं. अहमदपूरच्या अलीकडं जी जीप उलटली, तिच्यात तो आमच्याच मागोमाग येत होता. तो गेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर माझी निवड झाली होती, ट्रकमध्ये राहिलेल्या त्याच्या बुटांत.

पुढचं तुला ठाऊक आहे. मुदखेडला नोकरी लागली. तिथं दर गाडीला कुणी ना कुणी हात पुढं करून धावतंच, आणि मला प्रत्येकाचा चेहरा एकच दिसायचा, हसरा. शेवटी मी तिकीट खिडकीची ड्यूटी मागून घेतली, तिथून फलाट दिसत नाही. तुझ्या लग्नात भाऊ म्हणून मी उभा राहिलो. आईनं मला वाढताना दर वेळी म्हणावं, "तू तरी आलास बाबा," आणि मी मान खाली घालून जेवावं. मी निर्लज्जासारखा जेवलो, संघमित्रा. तिच्या हातचं एकही जेवण मी सोडलं नाही.

तू गमती मागितल्या होत्यास. मी हे तिला वाचून दाखवायला लिहिलं आहे. माझी गय करू नकोस, एकही ओळ गाळू नकोस. उद्या सकाळच्या गाडीनं निघून मीच पत्र तुझ्या हातात देईन आणि बाहेर पायरीवर बसेन. आत बोलवायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी वाईट वाटून घेणार नाही. तिच्या शब्दानं तो राहिला नव्हता. तिच्याकडंच यायला तो अनवाणी पळत होता, मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पाहणारा मी एकटाच आहे. तेवढं जेवणाच्या आधी तिच्या कानावर घाल.

तुझा भाऊ म्हणवून घेतलेला,
आनंदराज